पहिला बार मोजायचा नाही

दोन वर्षं अकरा महिने लायसन्सची फाईल
पणजीत या टेबलावरून त्या टेबलावर गेली.
तेवढ्यात मी चोडणच्या फेरीबोटीवरून
किती वेळा नदी ओलांडली, हिशेब नाही.
मी इंजिनचा माणूस. तेल, काजळी, चिंध्या.
लोखंडातलं आपल्याला कळतं, असं वाटायचं.

म्हापशात कायतान फुर्तादनं काउंटरवर दोन ठेवल्या,
दोन्ही पॉइंट टू-टू.
एक नवी, दुर्बिणीसकट, चकचकीत.
एक जुनी, एकेक गोळी हातानं भरायची,
दस्त्याचं पॉलिश कुणाच्या तरी गालानं पुसलेलं.
मी चकचकीतकडे वळलो.
"पात्रांव, कोट लग्नाचा घेतोस की कामाचा?
डोळे मिटून गालाला लाव, मग उघड.
माशी समोर दिसली तर ती तुझी.
मान शोधायला लागली तर दुसऱ्याची."

बोल्ट काढून त्यानं नळीमागे पांढरा कागद धरला.
आत आटे होते, पण आळसावलेले,
अख्ख्या नळीत जेमतेम दीड वेढा.

मी सवयीनं ट्रिगर ओढणार, त्यानं मनगट धरलं.
"रिकामी ओढू नको. हिची सुई मध्यावर पडत नाही,
काडतुसाच्या कडेवर पडते. पेटायचं ते सगळं
त्या कडेच्या घडीत.
काडतूस नसलं तर सुई पोलादावर आपटते."

"हिला खायला काय लागतं?" सुकांतीनं विचारलं.
फ्रिजचे पैसे होते ते.
खायलाही लागतंच. चार कंपन्यांच्या गोळ्या नेल्या,
पन्नास मीटरवर पाच-पाच बार.
सगळ्यांत महाग होती ती तिनं कागदभर उधळली,
स्वस्तातली एक मात्र
रुपयाच्या नाण्याखाली झाकेल इतक्यात ठेवली.
का, ते रेंजवरच्या दुलो वेळीपलाही सांगता येईना.
पंचवीस वर्षं फौजेत होता. "आवड असते," म्हणाला.

पहिला महिना मी तिला इंजिनासारखं तेल पाजलं.
दुलोनं चिंधी हातातून काढून घेतली.
"ही बोट नव्हे. दोन थेंब, तेही पुसून टाक.
नळी मागून साफ करायची, तोंडाकडून कधीच नाही.
तोंडाची कड म्हणजे तिची जीभ,
ओरखडा आला की बोबडी झाली.
आत शिशाचा, मेणाचा थर बसतो,
तो दर खेपेला खरवडू नको."

मग निवडणूक लागली, हुकूम आला.
जुन्या गोव्याच्या ठाण्यात तिच्या गळ्यात पुठ्ठा बांधला,
रानडुकरांवरच्या ठासणीच्या बंदुकांशेजारी
भिंतीला टेकवली.
सत्तेचाळीस दिवसांनी परत मिळाली
तर नळीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा,
गंजात उमटलेला, रेघन् रेघ स्पष्ट.
लायसन्सवर माझा निळा,
तिच्यावर त्याचा तांबडा.
तीन रात्री घासला. उजेडात तिरकी धरली
तर अजून दिसतो.

खोक्यातला स्पंज नदीची हवा पिऊन बसतो,
म्हणून आता ती लोखंडी कपाटात उघडीच उभी.
बोल्ट वेगळा, गोळ्या वेगळ्या कुलपात,
किल्ल्या सुकांतीच्या कमरेला.

त्या रविवारी पहिला बार डावीकडे सातात गेला.
मी ठाण्याला शिव्या घातल्या.
दुलो म्हणाला, "तेलानंतरचा पहिला बार नळीचा,
तुझा नव्हे. मोजू नको."
दुसरा नवात. तिसरा कुठे गेला ते
चौथ्यानं झाकलं.

घरी सुकांतीनं खिसा उलटा केला,
दहा पुंगळ्या खिडकीच्या फळीवर उभ्या केल्या.
"नऊच का लिहिलेस?"
मी सांगितलं. तिला पटलं नाही.
एक उचलून तिनं कडेवरून नख फिरवलं,
सुईच्या खाचेत अडकेपर्यंत.
मग दुसरी उचलली.